हजेरी

मुआलिमु तोगोम यांनी टक्के विचारलेच नाहीत.
बोमेटच्या टेकडीवर, दवाखान्याच्या बाकावर,
आठवडाभर पातळ दुधाखेरीज काही घशाखाली न उतरलेला तो माणूस
म्हणाला, माझ्या वर्गात चाळीस मुलं असायची.
समजा, सगळ्यांना हेच आहे.
पाच वर्षांनी नावं पुकारली, तर 'हजर' कितीजण म्हणतील?

मी आवंढा गिळला,
आणि मला तो गिळता येतो याचीच लाज वाटली.

काहीच केलं नाही तर वर्ग रिकामा, मुआलिमु.
नळीत जाळी बसवली तर मुलं डबा खातील,
शाळा सुटेपर्यंत थांबणार नाहीत.
कापलं तर?
कापलं तर, आमच्या वहीप्रमाणे, सात. कधी आठ.
आधी औषधाच्या बाटल्या चढवल्या, मग कापलं,
आसपासच्या गाठीही वेचून काढल्या,
तर आणखी चार-पाच जागा भरतात.

ते बराच वेळ बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिले.
निकाल वाईट आहे, म्हणाले.
पण एवढ्यावरून शाळा बंद करत नाहीत.

मग रस्त्याचा प्रश्न.
जुन्या केसपेपरच्या पाठीवर मी छाती काढली, वेडीवाकडी.
डावीकडून शिरलं तर एकच दार, काम लवकर,
पण वरचा कोपरा दिसत नाही.
छाती न उघडता, खालून पोटातून आणि वरून मानेतून गेलं
तर दोन हात अंधारात एकमेकांना चाचपत भेटतात.
फुप्फुसं सुखात राहतात,
गाठी मात्र अंधारातच.
उजवीकडून सगळं दिसतं.
पण तीन जखमा, सात तास,
आणि चुलीच्या धुरात साठ वर्षं काढलेली तुमची छाती.

तापलेलेई इतका वेळ
मुर्सिकचा भोपळा मांडीवर धरून गप्प होती.
आता तो त्यांना चालणार नव्हता, तरी आणलेला.
ती म्हणाली,
हरवलेलं वासरू कोणी डोळे मिटून शोधतं का?
उजवीकडून जा.

टेबलावर त्यांचे हात बांधले ते सिस्टर चेरोनोने.
पाचवीत या हातांच्या छड्या खाल्ल्यात, ती म्हणाली,
आणि पट्ट्याखाली कापूस जरा जास्तच घातला.

पोट सोडवलं, त्याची नळी शिवली,
आणि छातीतून वर, मानेपर्यंत ओढून आणली.
लेकरू पोटाशी धरतात,
आम्ही पोटच छातीशी नेलं.
आता भूक काळजाच्या शेजारी नांदणार,
भांड्याला भांडं लागणारच.

गाठी निघाल्या तेहतीस.
दोन बिघडलेल्या.
दोन्ही त्या वरच्या कोपऱ्यातल्या.

सहाव्या दिवशी मानेच्या टाक्यांतून लाळ झिरपली.
मी दोन रात्री खुर्चीत काढल्या.
मानेतली गळती मानेतच थांबते,
म्हणून तर जोड तिथे घातला होता.
हे मी तापलेलेईला सांगितलं, चेरोनोला सांगितलं,
पहाटे तीन वाजता भिंतीलाही सांगितलं.
सोळाव्या दिवशी ती बंद झाली.
त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

तिसरं वर्ष.
दिवसाला सहा वाट्या, चिमूटभर उगाली,
रात्री तीन उशांवर बसल्यासारखं झोपणं.
चहा कोमट करून प्यायचा,
एवढी कडक शिक्षा मी कोणत्याच पोराला दिली नव्हती,
असं ते दर खेपेला ऐकवतात.

सोबत आखीव वही असते.
इथे कापलेल्यांची नावं, महिन्यांचे रकाने.
बाकावर बसून ते हजेरी घेतात,
जो आला नाही त्याच्या गावात फोन लावतात.
काही ओळी मधेच थांबल्यात,
त्यांच्यावर काट मारलेली नाही.
स्वतःचं नाव वहीत नाही.
मी विचारलं, तर म्हणाले,
मास्तरची हजेरी हेडमास्तर घेतो, ते तुझं काम.

निघताना जरा खोकले.
किती दिवस आहे हा खोकला, मुआलिमु?
त्यांनी वही उघडली
आणि पानं चाळत राहिले,
जणू तिथे कुठेतरी लिहून ठेवलं असेल.